झोरीची जागा

नाही, उठू नकोस मावशी, बस — हेडमास्तरांचा निरोप घेऊन आलीच आहेस तर माझं उत्तरही पुरतं ऐकून जा. फुलं तिकडे ठेव, त्या बादलीत. काय म्हणाला तुमचा बाल्दोमेरो? शनिवारी सकाळी शाळेत झोरीसाठी कार्यक्रम, तिच्या चाकांच्या खुर्चीवर तिचा फोटो, पोरं तिचं गाणं वाजवणार, आणि तिची थाप तिच्या भावानं काहोनच्या पेटीवर बसून मारायची — हेच ना? कासिल्दा मावशी, हे तोंडातून काढताना तुला तरी काही वाटलं का गं? अकरा दिवस झालेत माझ्या बहिणीला पुरून. अकरा!

अगं, तू तर पहिल्यापासून होतीस. गाण्याच्या एर्मेलिंदा बाईंनी तिला खुर्चीतून काढून थेट फळ्यांच्या जमिनीवर निजवलं, तेव्हा पोरीला गारठा भरेल म्हणून ओरडलं कोण? तूच. सतरा वर्षांची माझी बहीण — डोळ्यांना दिसत नाही, बोलता येत नाही, मान सावरत नाही — आणि बाईंनी तिची डावी टाच काहोनच्या लाकडाला टेकवली, स्वतः त्या पेटीवर बसून समोरच्या फळीवर एक थाप दिली. धप्प. झोरीनं श्वास धरला. नाकपुड्या अशा फुलल्या — आणि किती तरी वेळानं, टाच. धप्प! बाई म्हणाल्या, ‘बरं, आता गाण्यात हिची जागा ठेवायची.’ बस, एवढंच. तेव्हापासून गाण्याच्या मधोमध झोरीची जागा. मनगटाला घंटी बांधलेला लासारो थांबायचा, नुसतं ‘आऽऽ’ करणारी ओब्दुलिया थांबायची, सगळी नऊच्या नऊ पोरं गप्प, टाच पडेपर्यंत. एकदा तर शाळेच्या चुलीवर तुझा भात करपला बघ, पातेलं घासताना आम्हा सगळ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्यास तू. पण घाई केली कुणी? येईल तेव्हा येईल.

मग बाई आजारी आईकडे गेल्या आणि या बाल्दोमेरोनं शाळेचा वर्धापनदिन उरकायला घेतला. लिमाहून पाहुणे येणार ना! ‘साहेबांना ताटकळत ठेवायचं का? लोकांना वाटेल गाणं बिघडलं.’ असं म्हणाला, मिशीला हात लावून. आणि झालं — गाणं झोरीच्या जागेवर आलं, पोरं थांबली, एक, दोन, तीन, आणि पडद्यामागून कुणीतरी थाप मारली. अगदी वेळेवर! पोरं बिचारी पुढे वाजवत सुटली, त्यांना काय कळणार, ती थापेचीच वाट बघत होती. गाणं संपलं, लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, साहेबानं झोरीच्या डोक्यावरून हात फिरवला — आणि तेव्हा पडली तिची टाच. टाळ्यांत. कुणाला ऐकू येणार? त्यानंतर नऊ दिवस जगली ती, मावशी. छातीत कफ भरला तो नंतर, पण टाच त्या दिवसापासूनच गेली. मी खाटेच्या लाकडावर थापा मारल्या, तिच्या तळपायाला काहोन लावून मारल्या, हात सुजेपर्यंत मारल्या. श्वाससुद्धा धरला नाही तिनं.

म्हणून सांग त्याला, येतो मी. इस्त्रीचा सदरा घालून येतो. साहेबाला पहिल्या रांगेत बसवा म्हणावं. गाणं सुरू होईल, झोरीची जागा येईल, पोरं थांबतील — आणि मी काहोनवर बसून राहीन. हात मांडीवर. मारणारच नाही! बघत राहीन त्या बाल्दोमेरोकडे. पोरं हलायची नाहीत, त्याला सांगून ठेव, त्यांना थांबायला शिकवलंय. तो खुणा करेल, खाकरेल, घाम पुसेल, साहेब घड्याळ बघेल — बघू दे. ताटकळू दे. दुपार होऊ दे. माझ्या बहिणीसाठी तीनापुढे आकडा नव्हता त्याच्याकडे!

पोरांना त्रास होईल? मला नको शिकवूस. झोरीचं कुणी... काय? टाळ्यांत मला कसं कळलं? कळलं. जमिनीतून कळलं ना — मी फळ्यांवरच बसलो होतो, बोट तोंडात धरून, त्या मेल्या काहोनची फळी कडेला सैल होती, थाप मारताना बोट असं चिमटलं की डोळ्यांपुढे —

काय बघतेस? नख काळं पडलंय, त्यात काय बघायचं?

त्यानं सांगितलं, मावशी. तीन मोजायचे आणि मारायची, म्हणाला. भाऊच आहेस, तुझा हात तो तिचाच हात, म्हणाला. आणि मी... दर वेळी लोक हसायचे गं. चुळबुळ करायचे, एकमेकांना कोपर मारायचे, ती श्वास धरून पडलेली असायची आणि मागे कुणीतरी खुसखुसायचं. मला वाटलं, एकदा. एकदा तरी तिला लोकांनी नीट टाळी द्यावी. चारही मोजता आले असते मला. दहाही मोजता आले असते. मी तर दोनावरच मारली, मावशी, तीनसुद्धा —

जा तू आता. येतो म्हणून सांग, बाकीचं काही सांगू नकोस. जा म्हटलं ना! आणि दार ओढून घे.