ऑर्विलच्या टेबलावर न आलेल्या बंदुका

आजच्या निरोप सभेच्या अध्यक्षा माननीय इंगा लिंडक्विस्ट, व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले बंदुका दुरुस्त करणारे ऑर्विल टॅकेट, त्यांच्या सुविद्य पत्नी मॉड, आणि हरणाच्या मांसाचा रस्सा निवत ठेवून माझ्यासाठी खोळंबलेल्या गावकऱ्यांनो,

पोस्टातल्या बाईला भाषणाला उभं करणं हा इंगाबाईंचा धाडसी निर्णय. रस्सा गार झाला तर बोल त्यांना लावा.

मॉन्टानाच्या या खोऱ्यात एकतीस वर्षं बंदूक घ्यायची ती ऑर्विलला विचारूनच. कंपन्या आपल्या चाचण्यांचे आकडे कधी छापतात का? छापतात ती नुसती रंगीत चित्रं. ऑर्विलची रीत साधी होती. ज्या कंपनीची बंदूक त्याच्या टेबलावर सारखी दुरुस्तीला येते ती वाईट. जी येत नाही ती भरवशाची. माझ्या नवऱ्यानं, लेलंडनं विचारलं तेव्हा हा म्हणाला, "ही घे बिनधास्त. नऊ वर्षांत एकही माझ्याकडे आली नाही."

लेलंडनं घेतली. सप्टेंबरात नदीकाठी अस्वल अंगावर आलं. पहिली गोळी सुटली, दुसरी आतच अडकली. पुढचं काय सांगू? तुम्हीच त्याला खांद्यावरून खाली आणलंत.

मग ऑर्विलला कळलं, ती कंपनी बिघडलेली बंदूक टपालखर्च भरून स्वतःच परत मागवते आणि दुरुस्त करून धाडते. म्हणून याच्याकडे येत नव्हती. त्या दिवसापासून यानं अवजाराला हात लावला नाही. दुकान का बंद करतोस म्हटलं, की डोळे अधू झाले म्हणतो. अरे, अजून सुईत दोरा ओवतोस की तू.

परवा माझ्या दारात येऊन म्हणालास, "व्हर्ना, मी मारलं त्याला." मी गप्प राहिले. फार वाईट वागले. का, ते आज सांगते.

परत जाणाऱ्या बंदुकांची ती लांबट खोकी माझ्या पोस्टाच्या खिडकीतून गेली, ऑर्विल. त्याच कंपनीच्या पत्त्यावर, दोन हिवाळ्यांत चौदा. शिक्के मी मारले. दुसऱ्याच्या टपालाबद्दल बोलायचं नाही हा आमचा नियम, आणि मला त्याचा केवढा तोरा! लेलंडनं नवी बंदूक आणून दाखवली, तेव्हा मला ती खोकी आठवली होती. मी त्याला जेवायला वाढलं.

दुकान बंद करायचं तर कर, पण माझ्या वाटचं ओझं घेऊन जाऊ नकोस.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बोलले नाही, त्याची माफी ज्याच्याकडे मागायची तो आता नाही.