परत आलेल्या कोटांचं हवामान

— तर तेच म्हणतोय काका, तो मोबाईल आत ठेवा आधी. मोबाईलला काय कळतं? तो आत्ता इथे पाऊस पडतोय म्हणतोय, आणि बाहेर बघा, ऊन नुसतं सोलून काढतंय. परदेशातलं हवामान विचारायचं ते कोटाला. हसू नका. आमचं दुकान गरम कपडे भाड्यानं देणारं. माणूस इथून कोट नेतो, पंधरा दिवसांनी आणून टाकतो, आणि परत आलेला कोट सगळं बोलतो. खांदे दमट नि बाह्या कोरड्या — म्हणजे भुरभुर, छत्री उघडू की नको अशी. गळ्याचं बटण तुटलेलं — म्हणजे वारा, माणसानं कॉलर ओढून ओढून जीव वाचवलाय. घडीच मोडली नाही — म्हणजे लख्ख ऊन पडलं, आणि आम्हाला शिव्या घालत त्यानं कोट बॅगेतून नुसता फिरवून आणला. ही विद्या माझी नाही हां, दादाची. थोरला भाऊ माझा. मी सातवीत शाळा सोडली — की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

हात लांब करा, बाही बघू. तर तुमचं ते समुद्रकाठचं गाव, आणि तेही ऑफ सीझनला, भर हिवाळ्यात — लोक येड्यात काढतील तुम्हाला, पण दादा असता तर चहा पाजला असता. म्हणजे — बाहेर गेलाय तो. मला पाठ आहे सगळं, ऐका. सकाळी नऊपर्यंत झुंजूमुंजू. दुपारी दोन-तीन तास धड उजेड. साडेचारला दिवसाचा निकाल. बर्फ नाही — काकूंना बर्फ दाखवतो म्हणून नेत असाल तर ते भांडण इथेच उरकून जा. पाऊस दिवसातून चारदा, तोही सरळ नाही, आडवा, विचारल्याशिवाय घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा. छत्री नका नेऊ, तिथे छत्री पहिल्याच दिवशी उताणी होते. निम्मी हॉटेलं बंद. आणि मोठ्ठा किनारा, त्यावर तुम्ही दोघं नि एखादं कुत्रं. दादा म्हणायचा, उन्हाळ्यात जाणाऱ्यांच्या खिशात बिलं सापडतात, हिवाळ्यात जाणाऱ्यांच्या खिशात शिंपले. खिसे तपासूनच कोट टांगायचा, हा इथला पहिला नियम. एक रिकामी बरणी होती, ती त्यानं गिऱ्हाइकांच्या खिशातल्या वाळूनं भरली. ती बघा, घड्याळाखाली. समुद्र न बघता वाळू जमवणारा माणूस.

हा होत नाही तुम्हाला? पोट आडवं येतंय. श्वास घ्या — नको, घेऊ नका, शिवण जाईल. तुमच्या मापाचा दुसरा नाही हो. तो? खिळ्यावरचा? तो नाही. तो भाड्याचा नाही. दादाचा आहे. या हिवाळ्यात तो स्वतः जाणार होता तिथे, तुमच्याच गावाला. बारा वर्षं लोकांचे कोट हुंगून झाले, आता स्वतः भिजून येतो म्हणाला. महिनाभर इथे पंखा लावून तो कोट घालून बसायचा. सवय करतोय म्हणे. घाम नुसता निथळायचा. मी म्हणायचो, तू तिथे पोचायच्या आधीच शिजशील. तो म्हणायचा, तुझ्या डोक्याला तिथे टोपी नाही मिळायची, तंबू ठोकावा लागेल. डोकं मोठं आहे ना माझं — बघताय काय, आहेच. लहानपणापासून एक टोपी बसली नाही.

मजेत चाललं होतं. मग एका मंगळवारी मीच बोललो. तू चाललास फिरायला, आणि मी काय इथे कुलूप म्हणून लटकू? तो म्हणाला, ऐकून तरी घे. मी नाही घेतलं. माझं असंच, आधी तोंड सुटतं, मागून अक्कल धावत येते. चार दिवस बोललो नाही. शनिवारी दुपारी इस्त्री करता करता तो या स्टुलावर बसला, भिंतीला टेकून. मला वाटलं नाटक करतोय, मी बोलावं म्हणून. मीही पक्का. समोरची दोन जाकिटं घड्या घालून ठेवली, सावकाश, आणि मग —

आज बावीस दिवस झाले. बाहेर गेलाय म्हणालो मघाशी, तोंडात बसलंय ते. तुम्ही नका उठू, बसा. काय ऐकायचं होतं मी, तेच शोधतोय. त्याची चूक नाही हो, एकट्यानं जावंसं वाटतं माणसाला.

बरं, घाला तो. नुसता घालून बघा, काढून ठेवायचा परत. वळा. बसतो की — खांदेसुद्धा. तुम्ही असे पाठमोरे उभे राहू नका, इकडे तोंड करा. हां.

खिशात? काय लागतंय हाताला? नसणार काही — नाही, तपासला नाही मी. सगळ्यांचे तपासतो, तो राहिला. काढा. लोकरीची टोपी? घालू नका, थांबा — बघा, नाकापर्यंत आली तुमच्या. किमतीची चिठ्ठी तशीच आहे तिला. नवीच. दादाचं डोकं तर तुमच्याहून लहान होतं. एवढी मोठी कुणाला —

द्या इकडे.

काका, कोट न्या तुम्ही. न्या हो, असाच घालून निघा, लोक हसले तर हसू दे. वारा असेल, कॉलर जपून ओढा. आणि परत आणाल तेव्हा खिसे रिकामे करू नका. टोपी राहू दे इथे. जाताना दार लोटून घ्या.