उलटी बटणं

सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको बसले होते. दोघांच्याही मांडीवर डबे.

"कोपर लागतंय तुझं."

"डावखुऱ्याशी लग्न केलंस, आता सोस."

"सोसतेच आहे. काल संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसले, तर माऊस डावीकडे आणि बटणं उलटी."

"रात्री गेम खेळलो असेन."

"आदल्या रात्री मी बसले होते. सगळं उजव्या हाताचं करून झोपले. सकाळी आपण बरोबर निघालो, आणि संध्याकाळी मी आधी घरी आले."

"मग मांजरीने हलवला."

"बटणंही तिनेच बदलली? परवाही? सोमवारीही?"

"काय चौकशी लावलीयस सकाळी सकाळी! सरक, माझा स्टॉप आला."

"ऑफिसला?"

"मग कुठे जाणार?"

"जा की. फक्त घराची तुझी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

बस थांबली आणि सुटली. तो उभाच होता.

"बस खाली. किती दिवस झाले नोकरी सुटून?"

"दीड महिना."

"मला का नाही सांगितलंस?"

"आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो."

"आणि तो गेम? तो तरी संपला का?"

"दोनदा."