तायडेसाहेबांच्या फळीवरचा दिवा

वहिनी, कॉलेजातल्या मंडळींनो, मित्रांनो,

साहेबांच्या शोकसभेला उन्हातान्हात मोर्शीहून माणसं आली आहेत, वलगावची तर अख्खी आळी आली आहे. अकोल्यात गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा माणूस मी. आज मात्र कागदावर लिहून आणलं आहे.

तायडेसाहेब इथं अमरावतीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. मी चौथीत शाळा सोडलेला, रेडिओ दुरुस्तीचं काम कानानं शिकलेला. वॉल्व्हचा रेडिओ दुकानात आला की नुसती घरघर ऐकून मी त्याचं दुखणं सांगायचो. त्याचा मला गर्व होता. आज त्या गर्वाचीच गोष्ट सांगायची आहे.

वॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर नवे आले, तेव्हा साहेबांनी एक फळी तयार केली. लाकडाची, पितळी स्क्रूंची. रेडिओत बसवण्याआधी ट्रान्झिस्टर तिच्यावर लावून पाहायचा. आम्हा दुकानदारांना शिकवायला त्यांनी कॉलेजात बोलावलं. ट्रान्झिस्टर एकच होता, मुंबईहून मागवलेला. मी लवकर पोचलो. साहेब खुर्च्या आणायला गेले होते. म्हटलं, पाहू तरी. सेल जोडले. उलटे जोडले.

मी कान देऊन होतो. आवाज नाही, वास नाही, धूर नाही. काही बिघडलं नाही असं समजून सेल काढले, फळीशेजारी तसेच उलट्या टोकांनी ठेवले आणि बाकावर जाऊन बसलो.

पुढचं तुमच्यापैकी काहींनी पाहिलं आहे. फळी मुकी राहिली. साहेबांच्या वरिष्ठांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "तायडे, झेपत नसेल तर बाटल्या धुवा." साहेबांनी एकदा सेलांकडे पाहिलं. म्हणाले, "चूक माझी झाली, सर." मी तिथंच होतो. बोललो का मी? नाही बोललो.

महिन्याभरानं नवा ट्रान्झिस्टर मागवून त्यांनी पुन्हा बोलावलं. आता फळीच्या अधिक टोकाला लाल दोरा बांधला होता. तारेच्या वाटेत टॉर्चचा छोटा दिवा जोडला होता. काही चुकलं तर दिवा पेटेल, ट्रान्झिस्टर वाचेल. आणि एक नियम केला. आधी ट्रान्झिस्टर न लावता व्होल्ट मोजायचे. सेल काढायचे. मग ट्रान्झिस्टर लावायचा. आणि पुन्हा सेल जोडण्याआधी सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, गप राहायचं, एकेका तारेवरून नजर फिरवायची.

कुणीतरी विचारलं, दिव्याची ही युक्ती कुठून आणली? साहेब म्हणाले, "अकोल्याच्या एका दोस्तानं शिकवली." पुढं दरवर्षी हेच उत्तर. नाव कधी घेतलं नाही.

एकदा मात्र चहा पिताना मला म्हणाले, "दादाराव, वॉल्व्ह मरतानी आवाज करते. हा बिचारा गुपचाप मरते. तुमच्या कानाले तो कसा सापडन?" एवढंच बोलले, आणि आपल्या कपातला चहा माझ्या बशीत ओतला.

मित्रांनो, तो दोस्त मी. मी शिकवलं काहीच नाही. मी जाळलं, आणि बोलणी त्यांनी खाल्ली. वहिनी, हे त्यांच्या हयातीत, त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर सांगायला हवं होतं. कितीदा अमरावतीला आलो, कितीदा तसाच परत गेलो.

आज माझ्या दुकानात तशीच फळी आहे. लाल दोरा आहे, दिवा आहे.

आता उभे राहू या. साहेब सांगायचे तसे हात मागे घेऊ या, गप राहू या. आपल्या हातून काय उलटं जोडलं गेलं, ते ज्यानं त्यानं पाहावं.

साहेब, जय भीम.