तोंडाकडून घासलेली बंदूक

(मिशिगनच्या उत्तरेकडचं एक खाणगाव. गस्टचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. हरणांचा हंगाम उघडायला अठरा दिवस आहेत. ओन्नी आपल्या गेलेल्या बायकोची, सायमीची, बंदूक घेऊन आला आहे.)

गस्ट : आणि हा दस्ता अक्रोडाचा नाही, ओन्नी. साधं भूर्जाचं लाकूड आहे, वरून अक्रोडाचा रंग चोपडलाय. ही नक्षीसुद्धा कोरलेली नाही. बिस्किटावर ठसा मारतात तशी दाबून काढलीये.

ओन्नी : दस्त्याचं विचारलंच नाही मी. नळी बदलायची आहे.

गस्ट : माझ्या दुकानात न विचारलेलंही ऐकावं लागतं. कुठून घेतली होती ही?

ओन्नी : तुला माहीत आहे.

गस्ट : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ओन्नी : गावातल्या मोठ्या दुकानातून. एकाहत्तर साली.

गस्ट : दुकानात कुठे ठेवली होती?

ओन्नी : बर्फाची फावडी आणि लोकरी चड्ड्या यांच्या मधे.

गस्ट : एकोणनव्वद डॉलर. वर काडतुसांची एक पेटी फुकट. सायमीनं चर्चच्या स्वयंपाकघरात कणीक तिंबून पैसे साठवले, आणि तू तिला तीस वर्षं ऐकवलंस. 'त्यापेक्षा फावडं घेतलं असतंस तर निदान अंगणातली वाट तरी मोकळी झाली असती.' माझ्यासमोर म्हणालायस.

ओन्नी : म्हणालो असेन.

गस्ट : आणि आता त्याच फावड्याला अडीचशे डॉलरची नळी.

ओन्नी : होईल का ते सांग.

गस्ट : होईल ना. गंमत तीच आहे. बड्या लोकांच्या बंदुकीची नळी बदलायची तर लेथ लागतो, दोन महिने लागतात. ही कारखान्याला स्वस्तात काढायची होती, म्हणून नळी एका नटावर बसवलीये. पाना घाल, नट सैल कर, जुनी काढ, नवी फिरव, मापाचं काडतूस घालून बोल्ट, म्हणजे ही मागची खिट्टी, नीट मिटतो का बघ, नट आवळ. एका दुपारचं काम. गरिबाला आयुष्यात तेवढं एक सुख.

ओन्नी : मग कर. रविवारच्या आत.

गस्ट : हंगाम पंधरा तारखेला. रविवारी काय आहे?

ओन्नी : इंपी न्यायला येणार आहे.

गस्ट : सायमीची थोरली बहीण? तिचा काय संबंध?

ओन्नी : सायमीनं तिला दिलीये. दवाखान्यात. माझ्यासमोर सांगितलं.

गस्ट : मग नळीचे पैसे तिला देऊ देत.

ओन्नी : बिघडलेली वस्तू कशी देऊ?

गस्ट : बिघडली कशावरून?

ओन्नी : काल खडीच्या खाणीत नेली. शंभर पावलांवर रंगाच्या डब्याचं झाकण ठेवलं. पाच मारल्या. एकच लागली, तीही कडेला.

गस्ट : मारणारा कोण होता? आधी तो बदलून बघू.

ओन्नी : वाळूच्या पिशवीवर टेकवून मारल्या, गस्ट.

गस्ट : बरं, बरं. बघतो.

ओन्नी : आणि जुनी नळी भंगारात टाकू नकोस. मी नेणार आहे.

गस्ट : कशाला? टोमॅटोला आधार द्यायला?

ओन्नी : देईन. तुझं काय जातं?

इंपी : वा. बाहेर ओन्नीचा ट्रक दिसला म्हणून आले, तर माझी बंदूक इथे टेबलावर उताणी पडलीये.

गस्ट : ये इंपी. दार लाव आधी, सगळी ऊब चालली. तुझा मेहुणा तुला नवी नळी बसवून देतोय.

इंपी : हा? हा मला जुनं फडकं बसवून देणार नाही. काय रे ओन्नी, शनिवारी साउना तापवते, तर वाफ घ्यायला तू येत नाहीस. जेवायला बोलावते तर काम आहे म्हणतोस. खाण बंद होऊन वीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी कसलं काम असतं तुला?

ओन्नी : असतं.

इंपी : फोन करते तर उचलत नाहीस. मला वाटलं, दुसरी कुणी शोधलीस.

ओन्नी : इंपी.

इंपी : शोध की. पण मग ती कोण आहे ते सांग, म्हणजे मी तिला बिचारीला आधीच सावध करते.

गस्ट : गप्प बसा जरा दोघं. इंपी, तो दिवा इकडे धर. सायमी वर्षाला काडतुसं किती उडवायची?

इंपी : दोन. एक नेम बघायला, एक हरणाला. बरेचदा नेमही बघायची नाही. म्हणायची, माझा नेम गेल्या वर्षी होता तिथेच आहे.

गस्ट : म्हणजे तीस वर्षांत पन्नाससाठ. एवढ्यात नळी मरत नाही. मागून बघ, काडतूस बसतं त्या बाजूनं. आतल्या खाचा कशा कोऱ्या करकरीत आहेत. आता हे तोंड बघ.

इंपी : मला काय कळतंय त्यात?

गस्ट : गोल दिसतंय का?

इंपी : नाही. अंड्यासारखं दिसतंय.

गस्ट : खाचा पुसून गेल्यात. गोळीला शेवटी सोडतं ते हे तोंड. ते एका बाजूनं झिजलं की गोळी वाटेल तिकडे जाते. ओन्नी, इथून सळई कुणी घातली?

ओन्नी : मी.

गस्ट : तोंडाकडून?

ओन्नी : माझी ती खालचा लिव्हर ओढून भरायची बंदूक तशीच साफ करतात. तिला मागून वाटच नसते.

गस्ट : हिला असते ना! बोल्ट मागे ओढून काढला की मागून सरळ सळई जाते. पन्नास वर्षं शिकार करतोस, आणि घरात तीस वर्षं असलेली बंदूक कुठून उघडते ते तुला ठाऊक नाही?

ओन्नी : तिची होती. मी हात लावत नव्हतो.

गस्ट : कितीदा घासलीस?

ओन्नी : रोज.

इंपी : रोज म्हणजे?

ओन्नी : संध्याकाळी. जेवणाच्या वेळेला.

इंपी : कधीपासून?

ओन्नी : फेब्रुवारीपासून. ती गेली तेव्हापासून.

गस्ट : नुसत्या तेलानं इतकं होत नाही. काय लावत होतास?

ओन्नी : सिंकखालची पावडर.

गस्ट : भांड्यांची?

ओन्नी : तिनं आणलेला अर्धा डबा होता. तो संपला. मग मी दुसरा आणला.

गस्ट : एकूण किती?

ओन्नी : चार झाले.

गस्ट : चाळीस वर्षं हा धंदा करतोय मी. नळीत मुंग्या पाहिल्या, एकदा तर चिखलात अडकलेली पेन्सिल काढली. भांड्यांची पावडर पहिल्यांदा बघतोय.

इंपी : आणि सायमीनं जन्मात तिला कोरड्या फडक्याशिवाय काही लावलं नाही. आठवतं, त्या उणे वीस अंश थंडीच्या वर्षी? याच्या भारी बंदुकीतलं तेल गोठलं. हा चाप ओढतोय, आवाजसुद्धा नाही. हरीण याच्याकडे बघत उभं. सायमीनं मागच्या झाडीतून पाडलं.

गस्ट : ते ओन्नीनं पाडलं ना? दहा फाट्यांची शिंगं. अजून याच्या भिंतीवर आहेत.

इंपी : गावात तसं सांगितलं सायमीनंच.

ओन्नी : तुला कुणी सांगितलं हे?

इंपी : तिनंच. मी बहीण आहे तिची, मला खरं सांगायची. तुला बरं वाटेल ते सांगायची.

गस्ट : पंधरा वर्षं त्या शिंगांखाली बसून याच्या घरी कॉफी पितोय मी.

इंपी : मला एक सांग, गस्ट. नवी नळी बसवलीस की जुनी कुठे जाणार?

गस्ट : टोमॅटोला.

इंपी : हा टोमॅटो लावत नाही. टोमॅटो सायमी लावायची.

गस्ट : असं होय. आता लक्षात आलं. कायद्यानं बंदूक म्हणजे काय ठाऊक आहे का, इंपी? नंबर कोरलेला हा मधला तुकडा. नळी, दस्ता, सगळं नुसतं सामान.

इंपी : म्हणजे नंबर मला, आणि सायमीची नळी याला. सायमीला दिलेला शब्दही पाळला, आणि माझ्या हाती नवंकोरं लोखंड. लबाडा.

ओन्नी : बंदूक तुलाच देत होतो.

इंपी : देत होतास. अर्धी.

ओन्नी : घर रिकामं आहे, इंपी.

इंपी : माहीत आहे मला. दर आठवड्याला मीच दार वाजवून परत जाते.

गस्ट : ऐका. नवी नळी विकण्यात माझा फायदा आहे, तरी सांगतो. नळी बदलायची गरज नाही. सव्वा इंच कापतो. पुढचं तोंड नव्यानं गोल करून देतो. शुक्रवारी घेऊन जा. चाळीस डॉलर, आणि पावडरीची गोष्ट गावभर सांगायचा हक्क माझा.

ओन्नी : कापू नकोस.

गस्ट : अरे, सव्वा इंच. हरणाला कळणारही नाही.

ओन्नी : मला कळेल.

इंपी : काप, गस्ट. बंदूक माझी आहे, मी सांगते. तिचीच नळी, तिचाच दस्ता, पंधरा तारखेला मी शिकारीच्या कँपवर तिच्या जागी बसणार. आणि कापलेला तुकडा याला दे.

गस्ट : सव्वा इंचाचा? त्याचं काय करेल हा?

इंपी : ते मला नको विचारू. त्यानं झिजवलाय तेवढा त्याचा.

गस्ट : चालेल का, ओन्नी?

ओन्नी : चालेल.

गस्ट : मग चिठ्ठीवर इंपीचं नाव लिहितो. काय रे? अजून काय?

ओन्नी : मग संध्याकाळी मी काय करू?

इंपी : आमच्याकडे सहाला जेवण असतं. नंतर भांडी पडतात, ढीगभर. पावडर घेऊन ये. भांडी कुठल्याही बाजूनं घासली तरी चालतात.