दादा कुठेच दिसेना

शूटिंग करणाऱ्याचं शूटिंग कोण करतं? दादाला कितीदा विचारलं, तो नुसता हसायचा.

मागच्या वर्षी तो गेला. वर्षश्राद्धाला त्याने काढलेल्या कॅसेट सगळ्यांना दाखवायच्या म्हणून आई आणि मी भाईंदरमधल्या गोडदेव भागातल्या एका व्हिडिओच्या दुकानात गेलो. दुकानदाराने त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि हेडफोन लावून तुकडे जोडायला घेतले. बारसं, सत्यनारायण, ताईचं लग्न. सगळे दिसले, दादा एकदाही नाही. एखाद्या तरी कॅसेटमध्ये कोणी त्याच्यावर कॅमेरा धरला असेल, असं वाटलं होतं.

"मध्ये मध्ये कोणीतरी बडबडतंय, भाऊ," दुकानदार म्हणाला. "आवाज काढून गाणी टाकू? सगळे तेच करतात."

"टाका," मी म्हणालो.

स्पीकरवर सनई वाजू लागली. पडद्यावर आई पदर सावरत समोर बघून हसत होती. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अरे, इथे तो म्हणाला होता, आई, नीट उभी राहा, अख्खं भाईंदर बघणार आहे. ते कुठे गेलं?"

मी दुकानदाराला म्हणालो, "गाणी काढा."

"खरखर राहील."

"राहू दे."

वर्षश्राद्धाला मामा म्हणाले, "आवाज कमी कर रे, कान फुटतायत."

मी आणखी वाढवला.