गाठीचं नाव

हॅलो? … हो, बोल छोटे. … कामात कसली गं, काम तर रोजचंच आहे. आला का रिपोर्ट? … फोनवर आलाय? मग वाच ना. … अगं, वाचलाच नाहीस तर आधीच रडतेस कशाला?

मोठीने खुर्ची मागे सरकवली आणि खोलीचं दार लोटून घेतलं. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या दुर्मिळ गाठी कुणाला होतात, किती जणांना होतात, त्यातली किती माणसं पुढे किती जगतात, याचा हिशेब मांडायचं तिचं काम. धाकटी आजवर सगळ्यांना सांगायची, ‘ताई कसलीशी आकडेमोड करते.’ धाकटीच्या मुलीच्याच, चिमणीच्याच मणक्यात गाठ दिसली, तेव्हापासून मात्र ती उठताबसता फोन करत होती.

हो, हो… अगं ऐक ना. परवा काय म्हणाले होते मी? मणक्यातल्या गाठी बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात. काढून टाकली की संपलं. … हो, म्हणून तर म्हणतेय, वाच. … इंग्रजीच असणार. जड असेल तर एकेक अक्षर वाच. … डी… आय… हं, डिफ्यूज. पुढे? … पुढे काय आहे? … मिडलाइन.

तिसरा शब्द तिने ऐकला नाही. कोणती गाठ ते पहिल्या दोन शब्दांतच तिला कळलं होतं.

ऐकतेय ना. छोटे, खाली जनुकाच्या तपासणीची एक ओळ असेल, एच थ्री अशी. … असेल, नीट बघ. … के सत्तावीस? … बरं. … नाही, काही नाही. बसलेय मी.

… नाही गं. ही ती गरीब गाठ नव्हे. … हो, मीच म्हणाले होते. … बहुतेक म्हणाले होते छोटे. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. … रागाव. माझ्यावरच रागाव, हरकत नाही.

… ट्रे उचलून? नाही, ती बेकरीत ट्रे उचलते, त्याने असं होत नाही. पाठ दुखायची म्हणून आपल्याला तसं वाटलं. … भट्टीच्या धगीनेही नाही. … उशाशी मोबाईल ठेवायची, त्याने? नाही गं. … जिन्यावरून पडली तेव्हा ती केवढीशी होती, त्याचा काय संबंध? … तू पोटुशी असताना गोळ्या घेतल्यास, त्याचंही काही नाही. तू काही केलेलं नाहीस. ऐकतेस ना? तू काही केलेलं नाहीस.

… मग कशाने? … माहीत नाही. … कुणालाच माहीत नाही. … लपवत नाहीये मी, छोटे. शपथ.

आणि ते खरंच होतं. विडीने काय होतं ते जगाला कळलं, कारण ओढणारी माणसं लाखांनी होती. ही गाठ लाखातल्या एकालाही धड होत नाही. इतक्या थोड्या माणसांवरून कारण शोधायचं तरी कसं? तिच्या स्वतःच्या अहवालात असे रोगी पाचाच्या आत असले, तर आकडासुद्धा छापत नसत. माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकड्याच्या जागी नुसती चांदणीची खूण टाकायची. यंदाच्या चांदणीत चिमणी असणार, हा विचार तिच्या मनात आपसूक आला, आणि तिला स्वतःचीच किळस वाटली.

अं? … उपचार आहेत ना. रेडिएशन देतील. … नाही, काढता नाही येत. कणकेत मीठ मळावं तशी आत मुरलेली असते ती. मीठ वेगळं कसं काढणार? … दुसरे डॉक्टर? दाखवू या. … परगावी न्यायचं? नेऊ. तू म्हणशील तिथे नेऊ. … पण छोटे, गाठीचं नाव नाही गं बदलणार.

… बरी होईल का म्हणजे… हे बघ, तू आधी पाणी पी. … जा, पाणी पिऊन ये. … हॅलो? … कोण, चिमणे? आई कुठे गेली? … जाऊ दे, धुऊ दे तिला तोंड. … हो, ऐकला रिपोर्ट. … तू सकाळीच वाचलास? … आणि आईला म्हणालीस आत्ता आला. … बरं.

… विचार ना. … विचार बाळा.

… वर्षभर. कुणाकुणाला दोन. … त्याहून जास्त? आहेत. फार थोडी आहेत. … तो आकडा पुष्कळांचा मिळून असतो गं, एकीचा नसतो. … तुझा? तुझा नाही मला माहीत. … नाही, खोटं बोलत नाही. तुझ्याशी नाही बोलणार खोटं.

असले आकडे तिने कितीदा सभेत उभं राहून वाचले होते. मध्ये चहाही प्यायली होती. पण ज्याच्या वाट्याला तो आकडा येणार, त्या माणसाच्या कानात तो आज पहिल्यांदाच गेला होता. पलीकडे श्वास ऐकू येत होता. घाईचा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

आहेस ना? … आईला? विचारलं तिने, पण ऐकायचं नव्हतं तिला. … नाही, आपणहून नाही सांगणार. पण सरळ विचारलं तर मला फसवता यायचं नाही. … हो, तू सांग हवं तर. तुझा हक्क आहे. … पायावरचं भाजलेलं सुकलं का? … चला, ते तरी सुकलं.

पायावर तापलेला ट्रे पडून फोड आला तरी पोरीला कळलं नव्हतं, म्हणून तर तपासणी झाली होती.

मी संध्याकाळच्या गाडीने निघते. … रजेचं बघेन मी. येताना काय आणू? … मोजे? लोकरीचे? पाय गार पडतात का तुझे? … कळतं तुला? … …

… बरं. … हो. … आईसाठी. … सारखी पायांना हात लावून बघत असेल ती, गार लागले की घाबरत असेल. … आणते, चांगले जाड बघून आणते. … आली का आई? … देतेस तिच्याकडे? … नको? … बरं, नको. ठेव तू. … ठेव बाळा.

फोन तिकडूनच बंद झाला.